दसऱ्याला घेतलेली दुर्बीण

मोठं ते चांगलं, या समजुतीची मला आता शिसारी येते. मोठा टीव्ही, मोठी गाडी, लग्नात मोठं स्टेज. लोकांचं कशाला सांगू, माझंच सांगतो. वाळूजच्या कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं लेथ चालवली, पोरांना मायक्रॉनचं माप शिकवलं, आणि घरी आणली काय, तर सहा इंची आरशाची पांढरीशुभ्र लांबलचक नळी. कारण ती मोठी दिसत होती.

खरं तर दुर्बीण मला नकोच होती. ती बायकोला हवी होती. ती गारखेड्यातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या पुस्तकात मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं चित्र होतं, पण छपाईत त्याचा डांबराचा डाग झालेला. दरवर्षी कुणी ना कुणी मुलगी विचारायची, बाई, यात बघायचं काय? फेब्रुवारीअखेर ती निवृत्त होणार होती. त्याआधी त्या तेजोमेघाचा एक तरी फोटो स्वतःच्या हातानं काढायचा आणि आपल्या वर्गाच्या भिंतीवर लावून जायचं, एवढंच तिच्या मनात होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू असावी.

उन्हाळ्यापासून तिचं वाचन चाललं होतं. शंभर पानी वही भरली. शेवटच्या पानावर एकच ओळ, खाली दोनदा रेघ मारलेली: दुर्बीण लहान चालेल, माउंट भक्कम पाहिजे. माउंट म्हणजे दुर्बीण जिच्यावर बसते ती मोटर लावलेली बैठक. एकदा भाजी निवडता निवडता तिनं मला समजावून सांगितलं. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, फोटोला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तेवढा वेळ दुर्बिणीनं ताऱ्याच्या चालीनं चालायचं. जरा अडखळली की ताऱ्याची रेघ झाली. मी म्हणालो, म्हणजे आमच्या लेथसारखंच, खालचा बेड हलला की वरचा जॉब गेला. तुम्हाला बरोबर कळलं, म्हणाली, आणि खूश झाली. ते आठवलं की आजही माझं तोंड कडू होतं. न कळून माती खाल्ली असती तर निदान अडाणी म्हणून सुटलो असतो.

पैसे एकदाच जमले होते, त्यात तिनं निवडलेली छोटी भिंगाची दुर्बीण आणि ते माउंट एवढंच बसत होतं. ती छोटी दुर्बीण स्कूटरच्या पायाशी ठेवून शाळेत नेता येईल, असाही तिचा हिशेब होता. उस्मानपुऱ्यातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानदाराला तिनं चिठ्ठीवर लिहून देऊन ठेवलं होतं. माल आठ दिवसांनी येणार होता. घाई नव्हतीच, कारण मृग दसऱ्याच्या सुमाराला मध्यरात्री उगवतो. संध्याकाळी वर दिसायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. हेही तिनं मला सांगितलं होतं.

पण दसरा आला ना! साडेतीन मुहूर्तांतला एक. आमच्या बजाजनगरमध्ये त्या दिवशी दारात नवी वस्तू उभी नसेल तर शेजारी विचारतात, यंदा काय नाय घेतलं? सकाळी कारखान्यात मशीनची पूजा झाली, कपाळाला कुंकू, खिशात पेढा, आणि येताना मी सहज म्हणून त्या दुकानात डोकावलो. सहज म्हणून निघालेला माणूस कधी रिकामा परत आलाय?

दुकानदारानं माझ्या बायकोची चिठ्ठी काढली, बाजूला ठेवली. मॅडमनं लिहिलंय ते ठीक आहे, म्हणाला, पण तुम्ही मशीनवाले, तुम्हाला काय सांगायचं. मग त्यानं कोपऱ्यातली ती पांढरी नळी दाखवली. किंमत तेवढीच, नळी चौपट. खाली काटकुळे तीन पाय आणि मोटरची, पण बोटानं ढकललं तर डुलेल अशी बैठक. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणणार नाही.

"साहेब, दसऱ्याला खाली हात घरी जातं व्हय कुणी?" तो म्हणाला.

मी नळी घेतली.

घरी खोकं उघडलं तेव्हा बायको हात पुसत बाहेर आली. तिनं नळीकडे पाहिलंच नाही. वाकून बैठकीवरचं लेबल वाचलं आणि म्हणाली, "हे ते माउंट नाही." मी म्हणालो, आधी पूजा तर होऊ दे. आणि माझ्याच हातानं नळीवर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. गल्लीतली माणसं जमली. सगळ्यांनी मला विचारलं, किती लांबचं दिसतं? तिला कुणी काही विचारलं नाही. ती आत पुरणाचं बघायला गेली. कारखान्यात मी पंधरा दिवस सांगत होतो, मी निवडली, सहा इंची आहे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तिनं पहिल्यांदा फोटोचा प्रयत्न केला. गच्चीवर कुणी चाललं तरी तारा नाचायचा. वारा आला की ती लांब नळी दोरीवरच्या सतरंजीसारखी हलायची. मी कारखान्यातून हलणं मोजायचा डायल गेज आणला आणि बैठकीला लावला. काटा असा काही फिरला की तसली मशीन कुणी टूलरूममध्ये आणली असती तर मी आणणाऱ्याला गेटबाहेर काढलं असतं. दुसऱ्या दिवशी सगळं खोक्यात भरून दुकानात नेलं. दुकानदारानं झाकण उचललं आणि परत ठेवलं.

"हळदकुंकू लागलेला माल मी विकू कुणाला?"

त्याचा मला राग आला, पण त्याचं काय चुकलं होतं? कुंकू मी लावलं होतं. स्पिरिट लावून पुसलं तरी पिवळट पाच रेघा राहिल्या, त्या अजून आहेत.

मग मी सुधारायला लागलो. मला सुधारणा करणाऱ्या माणसांचाही आता वीट आलाय, चूक कबूल करायला नको म्हणून ते पाने-पक्कड घेऊन बसतात. मी जाड पाइपचे नवे पाय बनवले, खाली वाळूची पिशवी टांगली. पाय हलायचे थांबले, पण बैठकीतल्या गिअरचे दाते ढिलेच होते आणि ते माझ्या हातात नव्हते. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. ती शाळेतून येऊन वह्या तपासायची, स्वेटर घालून गच्चीवर जायची, शेकडो फोटो काढायची आणि खाली येऊन एकेक पुसून टाकायची. एकदाही मला बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि बरं वाटलं असतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभाला तिनं मला बोलावलं. त्यातल्या त्यात बरा फोटो तिनं मोठा छापून घेतला होता. मधे तेजोमेघाचा गुलाबी धूर, आणि भोवतीचा प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट. मी खिळा ठोकून तो वर्गाच्या भिंतीवर लावला आणि दाराशी उभा राहिलो. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग पुढच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, बाई, तारे असे लांब का झालेत?

दुर्बिणीची बैठक हलत होती म्हणून, बायकोनं सांगितलं.

"मग तशी कुणी घेतली?"

"मीच," ती म्हणाली. "घाई केली जरा."

मुली हसल्या. तीही हसली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. दसऱ्यापासून गल्लीभर आणि कारखानाभर 'मी निवडली' सांगत फिरलेला मी हातात हातोडी घेऊन तिथंच उभा होतो. फक्त एक शब्द बोलायचा होता. मी बोललो नाही.