नाण्यांचं माहेरपण

आमच्या जुळे सोलापुरात पंप दुरुस्त करणारे एक मामा जुनी नाणी जमवतात. घेतलेलं नाणं म्हणजे घरात आलेली सून, असं त्यांचं ठाम मत. म्हणून वर्षभरातल्या आवडत्या नाण्यांना ते दिवाळीनंतर माहेरी नेतात. आदिलशाही नाणं एसटीनं विजापूरला जातं, सातवाहनांचं हत्तीवालं तेरला. तिथं मामा डबी उघडून ठेवतात आणि स्वतः लांब जाऊन बसतात. मायलेकींच्या बोलण्यात आपण कशाला!

यंदाचं सगळ्यात लाडकं नाणं पार झिजलेलं निघालं. राजा दिसेना, अक्षर लागेना. मामा डबी घेऊन आमच्या दारात आले.

"सर, हिचं म्हायेर कुटं, कुणालाच सांगता येईना. दोन दिस तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या की."

मला हसू आवरेना. बायको मात्र हसली नाही. दोन्ही दिवस तिनं शेंगापोळ्या केल्या. खाल्ल्या मी. तिसऱ्या दिवशी मामा न्यायला आले, तेव्हा तिनं डबीत हळदकुंकू आणि चिमूटभर तांदूळ घातले.

मामांनी डबी उघडून बराच वेळ बघितलं. मग खिशात ठेवून माझ्यापुढं हात जोडले.

"येतो मग, व्याही."