मागून कोणी येत नाही

शेषराव, जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. गुरुवारी अकरा वाजता पॉवर हाऊसच्या चौकात ये. कानाच्या मशीनच्या दुकानासमोर मी उभी असेन. मशीन घेऊन ये, बिस्किटाच्या डब्यात ठेवून नको येऊ. हसू नकोस. परवा जुनवानीच्या रस्त्यावर मी जे पाहिलं, ते तू पाहिलं नाहीस. तुझी पाठ होती तिकडे. – हिरा

हिराताईंनी पत्र एकदा मोठ्यानं वाचलं. नंदिनी नगरच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेलं. घाबरलेलं वाक्य त्यांना लगेच ओळखू येई. यात एकही नव्हतं. बरं झालं.

शेषराव त्यांचा धाकटा भाऊ. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये वितळलेल्या लोखंडाचे हंडे ओढणाऱ्या इंजिनावर त्याची सारी नोकरी झाली आणि त्या नोकरीत कान गेले. त्या गोंगाटात हॉर्न कोणालाच ऐकू यायचा नाही. त्यांची टोळी बुटाच्या तळव्यानं गाडी ओळखायची. जमीन थरथरली की बाजूला व्हायचं.

मागच्या वर्षी मोनालीनं, त्याच्या मुलीनं, त्याला इटलीला बोलावलं आणि व्हेनिस दाखवलं. पाण्यात बोटी, गल्लीत माणसं, चाक म्हणून कुठं नाही. पहिल्यांदा शेषराव सवयीनं भिंतीला घासून चालला. मग गल्लीच्या मधून. मग त्यानं कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. मोनालीनं फोटो पाठवला: पुलावर बाबा, हात पाठीमागे, डोळे मिटलेले. हिराताईंना तो फोटो तेव्हाही आवडला नव्हता.

"जिंदगीभर मान आखडून होती, ताई," परत आल्यावर तो सांगत होता. "तिथं सुटली. मागून कोणी येतच नाही वं! आलं तं माणूस येते, अन् माणूस माणसाले चिरडत नाही."

"हे भिलाई आहे, राजा. इथं हथखोजच्या कारखान्यांचे ट्रक येतात."

"येऊ दे ना. पायाले समजते."

तो परत आला, पण चाल तिथलीच राहिली. रुक्माचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. "ताई, तुमचे भाऊ रस्त्याच्या मधातून फिरून राहिले. मशीन डब्यात. मी बोलली तं म्हणते, तू बी चल, हात धरून फिरू. या वयात!"

म्हणून हिराताई परवा त्याच्यासोबत फिरायला गेल्या. शेषराव मधोमध, त्या कडेला. मागून सळयांनी लादलेला ट्रक आला. हॉर्न वाजायच्या आधीच तो दोन पावलं सरकला आणि मुलासारखा हसला.

"पाह्यलं? तू मास्तरीण. भेव घालाचं कामच तुझं."

पुन्हा ट्रक, पुन्हा तो अचूक बाजूला. दर वेळी बरोबर ठरत होता, आणि दर वेळी हिराताई मागे वळून पाहत होत्या. मग मागून एक बॅटरीवाली ऑटो आली. आवाज नाही, थरथर नाही. त्यांनी हाक मारली. ती कोणाला ऐकू जाणार? ऑटोचा आरसा शेषरावच्या बाहीला घासून गेला. ड्रायव्हरनं शिवी दिली. शेषराव चालतच राहिला. वाऱ्यानं हललेली बाही त्यानं नीट केली.

दोन दिवसांनी त्यांनी ते पत्र लिहिलं.

गुरुवारी त्या वेळेआधीच पोचल्या. रुक्माचा फोन आला. "निघाले, ताई. पायीच. ऑटो करा म्हटलं तं आयकत नाही. मशीन खिशात ठेवलं. कानात घाला म्हटलं तं म्हणते, ताईसमोर घालतो, तिले खुश करतो."

"तू हातानं का नाही घातलंस?"

"लहान पोर आहे का ते?"

दुकानदारानं मशीनचे नवे सेल काढून काउंटरवर ठेवले. साडेअकरा वाजून गेले. चौकात बॅटरीच्या ऑटो एकामागून एक येऊन लागत होत्या. समोर येईपर्यंत एकीचीही चाहूल लागत नव्हती. हिराताईंनी चप्पल काढली आणि अनवाणी पाय रस्त्यावर टेकवला. ऊन लागलं. बाकी काहीच नाही.

मग फोन वाजला. नाव शेषरावचं. शेषराव कधी कोणाला फोन करत नसे; करून ऐकणार काय?

"हॅलो," कोणी अनोळखी माणूस हिंदीत विचारत होता, "ये अंकल आपके कौन लगते हैं?"

मागून दुकानदाराचा आवाज आला. "मॅडम, मशीन आणली का?"

सेल काउंटरवर तसेच होते.