दार सोडून बाकी सगळं

एजंटने सगळं घर पाहिलं, दाराशी परत आला आणि म्हणाला, "मॅडम, घर चांगलंय. पण विकायचं तर थोडं काम करून घ्यावं लागेल."

पिंपळे गुरवमधलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून आई फक्त दवाखान्यात जाण्यासाठी खाली उतरायची. मी रावेतला राहते. माझ्याच इमारतीत तळमजल्यावरचं एक छोटं घर मी तिच्यासाठी पाहून ठेवलं होतं. हे विकल्याशिवाय ते घेता येणार नव्हतं आणि तिथला मालक फार दिवस थांबणार नव्हता. म्हणून एजंट सांगेल ते मी वहीत लिहून घेत होते. जाणकार माणूस बोलायला लागला की लिहून घ्यायचं, ही माझी शाळेपासूनची सवय.

हॉलला पीओपीचं छत. स्वयंपाकघरात नवीन ट्रॉल्या. बेडरूमच्या भिंतीला ओल होती, तिच्यावर वॉलपेपर. "दोन पावसाळे काही दिसत नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आणि हे सेफ्टी डोअर बदला. नावाची पाटीही काढून ठेवा. आडनाव आपण टोकनचे पैसे हातात आल्यावर सांगू."

आईने आतून ऐकलं. "का बरं? दाराला काय झालं?"

"मावशी, दार मजबूतच आहे. पण सगळ्या प्रकारचे लोक येतात ना. घर कसं, न्यूट्रल पाहिजे."

"न्यूट्रल म्हंजे?"

"म्हणजे... कोणाचं आहे ते कळू नये असं."

"आमचंय की," आई म्हणाली. "तुला तर कळलं!"

ते दार माझ्या वडिलांनी केलेलं. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. मालकाला विचारून, सुट्टीच्या दिवशी मशीनवर थांबून त्यांनी लोखंडी जाळीच्या मधोमध धम्मचक्र बसवलं, चोवीस आऱ्यांचं. पहिल्यांदा जोडलं तेव्हा एका जागी दोन आऱ्यांमधलं अंतर किंचित जास्त पडलं. बघणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं. त्यांनी सगळ्या आऱ्या कापून काढल्या आणि बरोबर पंधरा-पंधरा अंशांवर पुन्हा जोडल्या. "कंपनीचा जॉब एवढ्याशा चुकीला रिजेक्ट होतो, मग घरचा का पास करायचा?" असं म्हणाले होते. तेव्हाच्या आमच्या भोसरीतल्या एका खोलीत अभ्यास होणार नाही म्हणून त्यांनी मला दहावीपर्यंत आजोळी, तालुक्याच्या शाळेत ठेवलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि तिच्यामागे त्यांचे ओव्हरटाइम आहेत. हे मी कुठेही, कोणासमोरही सांगते.

तरीही खरं लिहायचं तर त्याच संध्याकाळी मी एका दुकानात जाऊन साध्या दारांचे नमुने पाहिले. आईची अडचण मोठी होती. दार काय, वडील तर मनात आहेतच, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी आईला तसं सांगितलं.

ती शेंगा सोलत होती. "दाराचं तू बघ," ती म्हणाली. "पण आडनाव नंतर सांगायचं म्हंजे काय गं? आपण चोरीचा माल विकतोय का?"

मी वही उघडली आणि दार, पाटी, वॉलपेपर या तिन्हींवर काट मारली. मग छतावरही मारली.

आम्ही कामं केली, पण आमच्या पद्धतीने. वरच्या मजल्यावरच्या काकांना चार वेळा भेटून त्यांच्या बाथरूमची फरशी उखडायला लावली आणि गळती मुळातून बंद केली. भिंतीचं प्लास्टर पाडून नवीन केलं. गळके नळ बदलले, घर रंगवून घेतलं. वडिलांनी चक्र काळंच ठेवलं होतं. मी त्याला निळा रंग दिला. पितळी पाटी चिंचेने घासून लख्ख केली.

एजंट डोक्याला हात लावून म्हणाला, "अहो ताई, काढायला सांगितलं होतं, उठून दिसायला नाही."

पहिली दोन कुटुंबं आत न येताच गेली. त्यातल्या एक बाई दाराकडे बघून म्हणाल्या, जिने फार आहेत. तिन्ही मजले चढून झाल्यावर! आई म्हणाली, "खालीच मोजायचे होते, बाई." रावेतच्या मालकाचे फोन सुरू झाले. मी दर वेळी त्याच्याकडून आठवडाभराची मुदत मागत होते आणि रोज मला भीती वाटत होती.

मग चाकणच्या कंपनीत काम करणारे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. पाटी वाचूनही दारातच त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आपलं सांगितलं आणि चपला काढल्या. त्यांच्या बायकोने बेडरूमच्या भिंतीवर तळहात ठेवला.

"इथं ओल होती का?"

"होती," मी म्हणाले, आणि काय काय केलं ते सांगितलं. एजंट खिडकीबाहेर बघत राहिला.

गृहस्थ सरळ बोलले. "घर आवडलं. दार मात्र आम्ही आमचं बसवू."

"बसवा की. घर तुमचं झालं की तुमची मर्जी."

एजंट मध्येच पडला. "सर, ते आत्ताच बदलून देतील मॅडम..."

"नाही देणार," मी म्हणाले. "घर आमचं आहे तोवर हेच दार राहील."

मग त्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, भिंत कोरडी आहे. दाराचं काय घेऊन बसलात?"

व्यवहार झाला. ताबा द्यायच्या दिवशी आई त्याच दारातून बाहेर आली, जिन्याच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली आणि वडिलांचे वर्कशॉपमधले जुने सोबती दार उतरवेपर्यंत हलली नाही.

रावेतच्या सोसायटीत सगळ्यांची दारं एकसारखी असावीत, असा नियम आहे म्हणे. मी रीतसर अर्ज दिला आहे. उत्तर अजून यायचं आहे. दार बसवून झालं आहे.