शेपटीखालचा पिवळा रंग

आमच्या भाऊजींना, म्हणजे यांच्या धाकट्या भावाला, सगळी गल्ली ‘विमानवाले’ म्हणायची. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. पाण्याचे पंप बनवायच्या कारखान्यात ते लेथवर होते. माणूस अबोल. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचे, त्यातली सहा लेथशी. लग्नाचा विषय काढला की म्हणायचे, “वहिनी, आधी पंख होऊ द्या.” पंख व्हायला नऊ वर्षं लागली. तोवर विचारणारे थकले.

विमान घरामागच्या शेडमध्ये झालं, पण पंख तिथे मावेनात, म्हणून ते आमच्या बाहेरच्या खोलीत आले. चार वर्षं आमच्याकडे आलेला पाहुणा आधी वाकायचा, मग बसायचा. त्या पंखांचं कापड मी शिवलं. एखादा टाका वाकडा गेला की भाऊजी काही न बोलता मोजपट्टी माझ्यासमोर ठेवायचे आणि निघून जायचे. मी उसवायची. चौथीपर्यंतच्या शाळेत मास्तरांनी छळलं नाही तेवढं त्या पट्टीनं छळलं.

विमान झालं ते दोन माणसांचं, पिवळं. पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक छोटं, चहाच्या बशीएवढं. हे छोटं चाक एका पोलादी पाट्याला जोडलेलं. ट्रकखाली असतो तसाच पाटा, फक्त हातभर लांब. उतरताना शेवटचा दणका तोच खायचा. सगळं विमान रंगवलं, पण तेवढा पाटा भाऊजींनी उघडा ठेवला. त्याला नुसता तेलाचा हात. उडायच्या आधी ते विमानाभोवती फेरी मारायचे, शेवटी शेपटीपाशी गुडघे टेकायचे, पाटा फडक्यानं पुसायचे आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. मला वाटायचं, असेल काही मनातलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दोन वर्षं ते एकटेच उडत होते. मग हे नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा भाऊजी म्हणाले, “दादा, रविवारी तुला वर नेतो.”

शनिवारी मी मैदानावर गेले. गावाबाहेर धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली विमान असायचं. सगळं पुसून काढलं. शेपटीखाली तो काळपट, तेलकट पाटा दिसला. थोरला भाऊ पहिल्यांदा बसणार आणि हे असं? डब्यात पंखांचा उरलेला पिवळा रंग होता. आधी तेल रॉकेलनं खसखसून काढलं, मग रंगाचे दोन हात दिले. बोल्टच्या सांदीकोपऱ्यातसुद्धा ब्रश घातला.

रविवारी भाऊजी फेरी मारत शेपटीपाशी आले, गुडघे टेकले आणि तसेच राहिले.

“वहिनी, यालाही नटवलंत?”

“मग काय! एवढाच बिचारा उघडा होता.”

ते हसले. नख रंगावरून एकदा फिरलं. खिशातला पॉलिश पेपर त्यांनी अर्धा बाहेर काढला, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत ठेवला. पुढे हे केव्हाचे पट्टा बांधून बसले होते. “अरे, निघतोस की मी पुन्हा नोकरीला लागू?” भाऊजी उठले.

उड्डाण सुरेख झालं. खाली येताना मोठी चाकं अलगद टेकली, शेपूट खाली बसली आणि कट्ट असा आवाज आला. छोटं चाक उड्या मारत गवतात गेलं. शेपूट जमिनीवर घासत निघाली, विमानावर ताबाच राहिला नाही. ते गर्रकन फिरलं, एक मोठं चाक मोडून आत दुमडलं, पंख जमिनीत रुतला. मी शिवलेलं कापड फाटताना मला ऐकू आलं.

भाऊजींना खरचटलं. यांचा उजवा पाय मांडीपासून मोडला. तीन महिने अंथरुणात गेले. पाय जुळला तो दोन बोटं आखूड.

भाऊजींची दहा वाक्यं आता दोनावर आली. कोणीही विचारलं की एकच उत्तर. “माझ्या हातची चूक.” मोडकं विमान त्यांनी परत घरामागच्या शेडमध्ये आणलं होतं, तुटलेला पाटा तिथल्या फळीवर ठेवला होता. एके दिवशी झाडताना मी तो हातात घेतला. तुटल्या जागी अर्धा भाग चकचकीत होता, अर्धा काळा पडलेला, म्हणजे भेग जुनी. आणि त्या काळ्या भागात आतपर्यंत पिवळा रंग उतरला होता. पाटा उघडा का ठेवायचा, नख कशाला फिरवायचं, ते मला तिथे, केरसुणी हातात घेऊन कळलं.

आठ दिवस मी गप्प राहिले. खोटं कशाला लिहू? यांना धरून न्हाणीत नेताना रोज वाटायचं, आज सांगावं. यांचं पाऊल ठेचकाळलं की मी नुसती यांना सावरायची.

नवव्या दिवशी शेडमध्ये करवतीचा आवाज आला. भाऊजी विमान कापायला निघाले होते.

“थांबा,” मी म्हटलं. “रंग मी दिला होता.”

“माहीत आहे.”

“भेग त्यानंच झाकली.”

“तेही माहीत आहे.” करवत थांबली नव्हती. “त्याच दिवशी दिसलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“दादाचा पाय गेला. त्यात तुमच्या डोक्याला हे कशाला? आणि रंग खरवडून बघायचं काम माझं होतं, वहिनी. तुमची हौस मोडवली नाही मला. म्हणून तसाच उठलो.”

मला रडू यायला हवं होतं, आला राग. “आणि आता मला न विचारता माझे पंख कापताय? चार वर्षं पट्टी दाखवून उसवायला लावलेत ते?”

दारात काठी वाजली. हे उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

“घाई मी केली होती,” हे म्हणाले. “तेव्हा चूक तिघांत वाटून घ्या. पाय तेवढा माझ्या एकट्याचा आहे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आठ दिवस जेवली नाहीस धड. मला वाटलं, माझाच कंटाळा आला.”

भाऊजींनी करवत खाली ठेवली.

नवा पाटा बसायला दीड वर्ष गेलं. पंख मी पुन्हा शिवले, आणि पट्टी या वेळी मीच मागून घेतली. त्यानंतर अकरा वर्षं भाऊजी उडाले. दर वेळी आधी हाक यायची, “वहिनी, नख.” आधी त्यांचं नख, मग माझं. हे मात्र परत कधी बसले नाहीत. खुर्ची टाकून खालून बघायचे, विमान थांबेपर्यंत काठी घट्ट धरून.

भाऊजी गेले ते अंथरुणात, झोपेत. विमान न्यायला एक बाई आल्या. बस चालवतात, उडायलाही शिकल्यात. सगळं न्याहाळून शेपटीपाशी वाकल्या.

“आजी, एवढाच भाग रंगवायचा राहिलाय. मी करून घेते.”

“बसा खाली,” मी म्हटलं. “गुडघे टेका.”

त्या टेकल्या. माझे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून मी उभ्यानंच सगळं सांगितलं, यांच्या पायापासून. बाईंनी पाटा फडक्यानं पुसला आणि अंगठ्याचं नख या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.

“लागलं काही?”

“नाही, आजी.”

“परत एकदा,” मी म्हटलं.