सरुबाई, धंदा काही नाही

नाव सरुबाई. मयत उखर्डू यांची विधवा. वस्ती इतवारा, बुऱ्हाणपूर. वय अंदाजे साठ. मरणाचं कारण ताप. धंदा काही नाही. गुजराण मुलाच्या आश्रयाने.

सन १९३१ च्या माघात सरुबाई मृत्यूच्या नोंदवहीत एवढ्या जागेत मावली. धंद्याचं कारकुनाने विचारलं होतं. मुलगा मोतीलाल म्हणाला, "म्हातारीला कसला धंदा? घरीच तर राहायची."

घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा त्याची बायको मालूबाई दमून भिंतीला टेकली होती. बोलायचं त्राण नव्हतं. नाही तर तिने सांगितलं असतं, की लग्नसराईत सासू घरी असल्याचं तिला आठवतच नाही. इतवाऱ्यात हळद कुणालाही लागो, पंगतीचे मांडे सरुबाईनेच टाकायचे. पुरण भरलेली सैल कणीक ती दोन्ही हातांवर झुलवत पार कोपरापर्यंत पसरायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायची. मजुरी नाही, निघताना पदरात चार मांडे. तीस वर्षांत दोन्ही हातांना कोपरापर्यंत चट्टे पडले होते.

मालूबाईने एकदा म्हटलं होतं, "आत्याबाई, मलाही शिकवा ना."

"कशाला? घरात दोन हात भाजलेत, तेवढे बस झाले."

'माझ्या तेरवीला मांडे करा,' एवढं एकच सरुबाई तापात मागून गेली होती. तेराव्या दिवशी मालूबाईने पहाटेच पुरण वाटलं, कणीक तिंबली, खापर चढवलं. भावकीतल्या बाया भोवती बसल्या. खापर तापलं. बाया बसूनच. बाहेर माणसं जमली, तसा बारा दिवसांच्या विधींनी थकलेला मोतीलाल दारात येऊन खेकसला, "अरे, मायला बोलवायला कोणी गेलं का नाही?"

कोणी हसलं नाही. इतका वेळ सगळ्या तिचीच तर वाट बघत होत्या. मोतीलालने मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तिथंच उंबऱ्यावर बसला.

मालूबाईने बांगड्या वर सारल्या. पहिला मांडा हातावरच फाटला, दुसरा खापरावर.

"अवं, मनगट ढिलं सोड," शेजारची आशाबाई म्हणाली.

"येतं तर तुम्हीच टाका ना."

"मला कुठं येतं बाई? मी तर सरूकडे बघत बसायची."

आठवा अख्खा उतरला. तो सासूच्या पानावर गेला. मालूबाईच्या कोपराला फोड आला. उरलेलं पुरण पंगतीत भाताबरोबर वाढलं, आणि माणसं जेवून गेली.

त्या उन्हाळ्यात इतवाऱ्यात अकरा लग्नं झाली. एकाही पंगतीला मांडा नव्हता.