जंगू म्हणजे लढाई नव्हे

त्या दिवशी लसीकरणाचा वार होता. अंगणवाडीच्या ओसरीवर मी एका तान्ह्या लेकराला सुई टोचत होते, तेवढ्यात भीमूची मोटारसायकल समोर येऊन थांबली. भीमू म्हणजे जंगूचा थोरला भाऊ. गाडी स्टँडवर न लावताच त्यानं सोडून दिली, ती आडवी पडली. "बाई, जंगू गेला," तो म्हणाला. मी लेकराच्या मांडीवर कापूस दाबत विचारलं, "कुठी गेला?" सुट्टी संपवून तो नुकताच सीमेवर परतला होता, मला वाटलं बदली झाली असेल... भीमूनं हातातला फोन माझ्यापुढे धरला; त्यावर पलटणीतून आलेला निरोप होता. आता काही आठवडे उलटले, तरी आपण असं विचारलंच कसं, याची मला लाज वाटते.

जिवतीच्या डोंगरात, माझ्या उपकेंद्रापासून दोन-अडीच तासांच्या चालीवर त्यांचा दहा-बारा घरांचा गुडा आहे. मी तिथली नर्स. आठ वर्षांपूर्वी जंगू मला पहिल्यांदा दिसला तो खाटेचा एक पाय खांद्यावर घेऊन. खाटेवर भीमूची बायको होती. वाटेतल्या नाल्याच्या काठावरच ती बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. मला जे येत होतं ते सगळं मी केलं, गाडीसाठी फोनवर फोन लावले... गाडी पोचली तेव्हा न्यायला कोणी उरलं नव्हतं. पोरगी जगली. सगळे आत रडत होते आणि बारावीतला जंगू बाहेर हापशीवर एकटाच खाट धूत होता. मी हात धुवायला गेले तेव्हा त्यानं मान वर न करता विचारलं, "बाई, रक्त थांबवता येत नाई का?" मी थकले होते, चिडलेही होते. म्हटलं, "येते. वेळेवर आलं तं."

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. जखम कशी बांधायची, नाडी कुठं लागते, सलाईन कसं लावतात, विचारून विचारून डोकं खायचा. गडचांदूरला खोली करून बारावी झाला, पहाटे सिमेंटच्या ट्रकांची धूळ खात धावला आणि भरतीत निघाला. सैन्यातही त्यानं नर्सिंगचीच शाखा मागून घेतली. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा गावातले लोक भोवती जमले. "बंदूक कोणती भेटली रे?" एकानं विचारलं. जंगू हसला. "बंदूक सगळ्यायलेच भेटते, काका. मले थैली भेटली." मग त्यानं मलमपट्टीची ती थैली कशी असते, हे जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढून दाखवलं. लोकांचा अगदी हिरमोड झाला.

काय घडलं, ते जंगूच्या पार्थिवासोबत आलेल्या त्याच्या पलटणीतल्या हवालदारानं सांगितलं. गस्तीवर असताना एकाचा पाय सुरुंगावर पडला. तिघांना लागलं, त्यांतला एक जंगू. त्यानं पहिल्याची मांडी आवळली, दुसऱ्याच्या छातीवर पट्टी बांधली. जंगूच्या पँटवर रक्त दिसलं म्हणून हवालदारानं विचारलं, तर म्हणाला, "खरोंच है, साब." खरोंच! ओरखडा म्हणे... मांडीत छर्रा घुसला होता. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. ते उतरेपर्यंत तो त्या दोघांशी बोलत बसला होता, त्यांना झोपू देत नव्हता. ते दोघं जगले. हवालदार हे अभिमानानं सांगत होता आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. असं रक्त वाहत असताना किती वेळ मिळतो, हे जंगूला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. एक पट्टी स्वतःला बांधायला किती वेळ लागला असता रे तुला? लोक याला त्याग म्हणतात. म्हणू देत. मी त्याला शिकवलंय, मला त्याच्यावर रागवायचा हक्क आहे.

आणि राग फक्त त्याच्यावरच नाही. त्याला आणायच्या आदल्या दिवशी गुड्याच्या वाटेवर मशीन आलं. आठ वर्षं जी वाट होत नव्हती, तिच्यावर दिवसभरात मुरूम पडला, नाल्यात पाइप टाकले गेले. दुसऱ्या दिवशी गाड्यांची रांगच्या रांग थेट जंगूच्या अंगणापर्यंत गेली. फलकावर त्याच्या चेहऱ्याखाली कुणा भलत्याच शिपायाचं धड जोडलं होतं, हातात मोठी बंदूक. एक पुढारी म्हणाले, "याच्या नावातच जंग होती!" टाळ्या पडल्या. अहो, जंगू हे त्याच्या आजोबांचं नाव. आमच्या या डोंगरात प्रत्येक गुड्यात एखादा जंगू सापडेल. त्याचा लढाईशी काय संबंध? ते उठून सांगावं म्हणून मी दोनदा पदर सावरला आणि दोनदा बसले. याचीही चीड येते.

त्याची आई सोनाबाई त्या भाषणांत कुठंच नव्हती. ती दाराशी बसून गाड्यांकडे बघत होती. मी जवळ गेले तर माझा हात धरून म्हणाली, "बाई, इतल्या गाड्या इथवर येऊ शकत होत्या?" ती जंगूबद्दल बोलत नव्हती. आपल्या सुनेबद्दल बोलत होती, हे मला कळायला एक क्षण लागला. सुनेची पोरगी, आता आठ वर्षांची, मुरुमाच्या ढिगावर चढून फुलं लावलेली गाडी बघत होती.

पाइप आता वाहून गेलेत. मी अर्ज दिला. मग दुसरा दिला. "तो रस्ता झाला आहे" असं उत्तर आलं.

परवा माझ्याकडे नवीन सिस्टर रुजू झाली. हुशार आहे, नीटनेटकी आहे. पहिल्याच दिवशी तिनं बाळंतपणाच्या टेबलाजवळचं कपाट रिकामं करून सगळं सामान नावाप्रमाणे ओळीत लावलं. मी ते पाहिलं आणि तिच्यावर अशी ओरडले की बाहेर बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. ती बिचारी गोरीमोरी झाली. मग मी तिला बसवलं आणि सांगितलं. शेवटच्या सुट्टीतली एक अख्खी दुपार जंगूनं या कपाटासमोर घालवली होती. मी तेव्हाही कुरकुरले होते, "काऊन उचकून राह्यला रे माझं कपाट?" तो म्हणाला होता, "बाई, रक्त थांबवाले तुमचा एक हात बाईच्या पोटावर दाबलेला असते. मान वळवाले वेळ नसते. दुसऱ्या हाताले आपोआप सापडलं पाहिजे."

आम्ही दोघींनी सामान परत जंगूनं लावलं होतं तसं लावलं. गॉजच्या पट्ट्या वरच्या कप्प्यात कडेला, त्यांच्याखाली रक्त थांबवायच्या गोळ्या, मग सलाईनचे सेट. मी तिला टेबलापाशी उभं केलं. म्हटलं, "उजवा हात इथं दाबून ठेव. डोळे मीट. आता गॉज काढ."

तिनं डावा हात मागे नेला. पहिल्यांदा तो हवेत चाचपडला.

"पुन्हा," मी म्हटलं.