आधी ऐकायचं, मग पुसायचं

रेणुकाने बटण दाबलं तेव्हा तिला वाटलं, सुटले. बॅकअपचं बटण होतं ते. दाबलं की वेबसाइटवरचं सगळं एका गाठोड्यात बांधलं जाणार आणि मग ते गाठोडं फोनच्या तारेतून घरी ओढून आणायचं, एवढंच काम. पण पडद्यावर लाल अक्षरं उमटली. जागा संपली. पाठोपाठ साइटही उघडेनाशी झाली.

"काय झालं गो?" तिच्या बापाने, भिकूने, खुर्चीतून विचारलं.

"डिस्क भरली, आबा. ते गाठोडं तिथेच बांधलं जात होतं, त्याच जागेत."

"म्हंजे माळा भरलेला, आणि तू बोचकं बांधायला माळ्यावरच बसलीस." बोलला तो थट्टेचं, पण हसला नाही.

हसण्यासारखं काही नव्हतंच. होस्टिंगवाल्या कंपनीने कळवलं होतं, जुना सर्व्हर शनिवारी दुपारी बारा वाजता बंद होणार, आपापलं सामान काढून घ्या. तो सर्व्हर कुठल्या गावात आहे हेसुद्धा रत्नागिरीतल्या या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि त्याच्यावर माणसं होती.

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर भिकू टेपरेकॉर्डर खांद्याला लावून वाडीवाडीत हिंडला होता. छप्पन सालचं धर्मांतर ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना बोलतं करायचं. घरातले देव बाहेर काढले त्या दिवशी चूल कुणी पेटवली, कोण रडलं, गावाने काय बंद केलं. मुंबईला नोकरी करणारा त्याचा मुलगा सम्यक सुट्टीत येई, कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेई आणि साइटवर चढवी. मग त्याच कॅसेटवर भिकू पुढचा माणूस भरायचा. चांगल्या कॅसेटी मोजक्याच, आणि म्हातारी माणसं घाईत मरत होती. सम्यकने सीड्याही केल्या होत्या. कपाटातल्या ओलीने त्यांना बुरशी चढली आणि चंदेरी पापुद्रा सुटून आला. आता जे काही होतं ते त्या अनोळखी गावातल्या भरलेल्या डिस्कवर होतं.

मिरजोळ्याच्या कारखान्यात बिलं टाइप करणाऱ्या रेणुकाने रजा टाकली. अर्धवट गाठोडं तिने पुसलं आणि एकेक आवाज सुटा उतरवायला घेतला. लहान फाइली आल्या. मध्येच लाइन तुटे, ती पुन्हा जोडी, त्या पुन्हा येत.

यमुनाबाई येईना.

यमुनाबाई भिकूची थोरली बहीण, घरात सगळ्यांची आक्का. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. ती बोलली त्याच्या पुढच्याच वर्षी गेली. तिची फाइल सम्यकने नवशिकेपणात तशीच्या तशी, न आवळता चढवली होती. तिच्यात बाकीचे सगळे मावले असते. अर्ध्यावर यायची, लाइन तुटायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. तीनदा असं झालं, तेव्हा रेणुकाने नेट तोडून सम्यकला फोन लावला.

"ताई, तिचे तिथल्या तिथेच तुकडे कर. त्याचा प्रोग्राम मेल केलाय. लहान तुकडे येतील. पण तुकडे ठेवायला तिच्याएवढीच मोकळी जागा लागेल."

"जागा असती तर तुला कशाला फोन केला असता रे शहाण्या?"

"उतरवलेल्या फाइली तिकडून पुसत जा."

भिकू ऐकत होता. "ऐकल्याबिगर पुसायचं नाय," तो म्हणाला. "आधी ऐकायचं, मग पुसायचं. कॅसेटचाही हाच नियम होता."

त्याने हेडफोन कानांवर चढवले. घरी उतरलेल्या एकेका माणसाला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐके. मध्ये मान डोलावी, मध्ये "खोटं बोलतोय लेकाचा" म्हणे. माणूस संपला की बोट वर करी. मग रेणुका तिकडून ती फाइल पुसे. ओंजळीएवढी जागा होई. शुक्रवार असा गेला.

शनिवारी सकाळी आणखी थोडीशीच जागा हवी होती. आणि भिकूच्या कानात गंगाराम बसला होता. गंगाराम म्हणजे शब्दाशब्दाला थांबणारा माणूस. मध्ये तो चहा प्यायला होता, तेही कॅसेटमध्ये होतं.

"आबा, थोडं पुढे सरकवा ना."

"माणूस बोलतोय गो."

"उशीर होतोय. आक्का राहील तिकडे."

त्याने ऐकलं नसावं. डोळे मिटलेले होते. बोट खालीच होतं.

रेणुकाने घरच्या डिस्कवर पाहिलं. गंगारामच्या नावाची फाइल होती. ती तिकडच्या फाइलीएवढी आहे का, की लाइन तुटून अर्धीच आलीय, हे ताडून पाहायला हवं होतं. तिने नाव पाहिलं आणि गंगारामला तिकडून पुसलं.

जागा झाली. तुकडे पडले. पहिला आला, दुसरा आला. तिसऱ्याला लाइन तुटली. मोडेम किंचाळला, पुन्हा जुळला. ती आता घड्याळ बघत नव्हती. शेवटचा तुकडा उतरला आणि तिने टेबलावर हात आपटला.

"आली, आबा! आक्का आली!"

भिकूने तळहात दाखवून तिला गप्प केलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"गंगाराम थांबला."

"संपलं असेल त्याचं."

"नाय. घागर घेऊन विहिरीकडं चाललाय. अजून पोचला नाय."

तिने सर्व्हरला हाक घातली. पुन्हा घातली. तिकडून काहीच आलं नाही. बारा वाजून गेले होते.

"पुसलंस?"

"हो."

त्याने हेडफोनची तार गुंडाळून ठेवली. तिने यमुनाबाईचे तुकडे जोडले, आवाज लावला. खोलीभर खोकला आला आणि मागून, "भिक्या, चालू झालं काय रे तुझं यंत्र?"

भिकूचा चेहरा क्षणभर लहान मुलाचा झाला. मग त्याने हात हलवला. "बंद कर. आता नको."

गंगारामची मुलगी हौसा नाचणे गावाच्या पुढे वाडीत राहत होती. तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. भेटेल तेव्हा विचारायची, भिकूदादा, माझ्या बापाला कधी ऐकवतोस? भिकूचं उत्तर ठरलेलं असे, ये की एकदा घरी.

त्याने खुंटीवरचा सदरा घातला.

"फोन करू का तिला?" रेणुकाने विचारलं.

"फोनवर नको. आणि मी एकटा जायचा नाय. चप्पल घाल." तो दारात थांबला. "सांगायचं तू. मी बाजूला उभा ऱ्हाईन."